कॉफी वेळेवर पोचली पाहिजे

बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलवर सामान कसं लादावं, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. लोक थेट माझ्या घराकडे बोट दाखवतील. निदान दाखवायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे! गेली बावीस वर्षं मी तळ्यापलीकडे, डोंगरापलीकडे, एकदा तर वाट चुकून नॉर्वेतसुद्धा सामान नेलंय. पण वाटेत कधी एक चमचा सांडला नाही. माझी पद्धत ठरलेली आहे. फुटणारं वर, मऊ मधे, आणि जे कधीच लागणार नाही ते तळाला.

म्हणून एप्रिलातल्या त्या शनिवारी सासूबाईंच्या पंचाहत्तरीचं सामान माझ्याकडेच आलं. सासूबाई, म्हणजे सायमी, तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात. हिवाळ्यात तिथे जायला रस्ता नाही; अठरा किलोमीटर सरळ बर्फावरून. चाळीस पाहुणे येणार होते. बायको, हिल्का, तिच्या भावाच्या मागे बसून सकाळीच पुढे निघाली. माझ्याकडे चर्चमधून मागून आणलेली कॉफीची मोठी किटली, अठ्ठेचाळीस कपबश्या आणि पाच किलो कॉफी. आमच्याकडे वाढदिवसाला केक नसला तर लोक माफ करतात. कॉफी नसली तर पुढच्या पिढीपर्यंत बोलतात!

"तैस्तो, कॉफी दोनला," निघताना हिल्का म्हणाली. "आईला उशीर चालत नाही."

"दीडलाच पोचतो."

"आणि ओढायचा दोर?"

"आहे."

"कुठे आहे?"

"अगं, आहे म्हटलं ना!"

"म्हणजे तळाला आहे. वर काढून ठेव."

"माझ्या गाडीला दोर लागत नाही," मी म्हणालो. "तुझ्या भावाच्या गाडीला लागतो."

तिचा भाऊ एन्सिओ आपल्या पिवळ्या गाडीच्या फाटक्या सीटवर चिकटपट्टी लावत होता. माणूस भला, पण गाडी अशी की सुरू झाली तर शेजारी टाळ्या वाजवतात. तो नुसता हसला आणि दोघं निघून गेले.

आणि तेवढ्यात मला एक नामी कल्पना सुचली! सॉसेज चांदीच्या कागदात गुंडाळून बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या पाइपाशी ठेवली की पोचेपर्यंत मस्त भाजून निघतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण लोक ठेवतात दोन, फार तर तीन. मी ठरवलं, चाळीस! बॉनेट उघडायचं, आणि चाळीस पाहुण्यांना चाळीस गरम सॉसेज! सासूबाईंचे डोळे भरून येतील. जागा जरा कमी पडत होती. तिथे इंजिनाचा एक जादा पट्टा उगाच जागा अडवून बसला होता. तो काढून मी गॅरेजातल्या खिळ्याला टांगला.

पहिले नऊ किलोमीटर स्वर्ग होता. ऊन पडलेलं, बर्फ टणक, मागची घसरगाडी डुलत येतेय आणि पुढून सॉसेजचा असा काही वास, की वाटेतला एक कुत्रा अर्धा किलोमीटर माझ्या बरोबरीनं धावला.

मग बॉनेटखालून 'खडर्रर्र' झालं. मग 'फटाक्!' मग शांतता.

मी बॉनेट उघडलं. सॉसेजचं पुडकं घसरून पट्ट्याच्या चाकात गेलं होतं. इंजिनाचा पट्टा आणि चाळीस सॉसेज यांचा एकजीव खिमा झाला होता. यातलं सॉसेज कुठलं आणि पट्टा कुठला, हे नुसतं बघून कळेना. मी एक तुकडा चाखून पाहिला. तो पट्टा होता.

फोन केला. हिल्कानं उचलला.

"कुठे पोचलास?"

"मधे."

"कशाच्या मधे?"

"तळ्याच्या. म्हणजे तसं सगळं ठीक आहे. फक्त गाडी चालत नाही."

पलीकडे लांब श्वास ऐकू आला. "किटली शाबूत आहे?"

"मीही शाबूत आहे!"

"बरं. कुणाला तरी पाठवते. तोवर दोर काढून ठेव."

दोर! मी मागच्या घसरगाडीकडे वळलो. आता हे मान्य करायला हवं, की माझी पद्धत इतकी पक्की आहे की तळातली वस्तू काढायची तर वरची प्रत्येक वस्तू काढावीच लागते. मी बर्फावर रेनडियरचं कातडं अंथरलं आणि त्यावर सगळं मांडायला सुरुवात केली. कपबश्या रांगेत. किटली. अकरा टॉवेल. वॉफलचं यंत्र. सासूबाईंना भेट म्हणून आणलेला दिवा. लोकरी मोजे, बारा जोड. आणि एकदाचा तळाशी दोर! नवाकोरा, निळा. तो मी अभिमानानं मोज्यांशेजारी ठेवला.

"काय हो, काय काय आहे?"

मी वळून पाहिलं. लाल लोकरी टोपी घातलेली एक बाई आणि तिचा नवरा, दोघं हातात मासेमारीचे गळ घेऊन उभे होते.

"काही नाही हो," मी म्हणालो. "गाडी बंद पडलीय."

बाईनं गाडीकडे पाहिलं. मांडलेल्या सामानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गाडी दुरुस्त करायला घरातले मोजेसुद्धा विकायला काढलेत?"

"नाही, नाही! मी विकत नाहीये!"

"लाजू नका," नवरा हळूच म्हणाला. "वाईट दिवस सगळ्यांनाच येतात."

मी पुढचं बोलणार, तोवर बाईनं तोंडाशी हात धरून तळ्यावर सगळीकडे हाळी दिली. "अहो, इकडे या! या बिचाऱ्यावर वेळ आलीय! काहीतरी घ्या त्याचं!"

आमची माणसं एरवी फार बोलत नाहीत, पण मनाची मऊ. पाच मिनिटांत सात-आठ जण मासे पकडायला बर्फात पाडलेली आपापली भोकं सोडून गोळा झाले. कुणी टॉवेल चाचपला, कुणी वॉफलचं यंत्र उघडून पाहिलं. एकानं नुसताच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवत निघून गेला.

"अहो ऐका, माझ्या सासूचा वाढदिवस आहे!" मी ओरडलो.

"सासूचं सामान विकतोय," कुणीतरी मागे कुजबुजलं.

"आणि ही किटली?" लाल टोपीनं किटली उचलली. बुडाशी चर्चचं नाव कोरलेलं होतं. ते तिनं मोठ्यानं वाचलं. आतापर्यंत मी दुर्दैवी होतो. आता चोर झालो!

मी धावत जाऊन किटली हिसकावली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. "ही मागून आणलेली आहे! पाद्रीबाईंना विचारा! आज संध्याकाळी परत द्यायचीय!" मी पार वाढदिवसापासून सॉसेजपर्यंत सगळं सांगितलं. कुणाला पटत नव्हतं, म्हणून बॉनेट उघडून दाखवलं. खिमा पाहिल्यावर मात्र पटलं. लोक इतके हसले, की एक म्हातारा बर्फावर खालीच बसला. मग सगळ्यांनी मिळून कपबश्या पुन्हा भरायला मदत केली आणि आपापल्या भोकांकडे परत गेले.

मी मोजदाद केली. कपबश्या अठ्ठेचाळीस. टॉवेल अकरा. मोजे बारा जोड. दोर... दोर नव्हता. दोराच्या जागी एक मोठा पाईक मासा पडला होता. माझं लक्ष किटलीत असताना कुणीतरी, एक अक्षर न बोलता, आपल्या मते चोख सौदा करून गेला होता!

इतक्यात ओळखीची घरघर ऐकू आली. एन्सिओ नव्हता. सासूबाई होत्या! त्यांची गाडी हिल्काच्या लग्नाच्याही आधीची. जाड कोटावर वाढदिवसाचं चांदीचं पदक लावलेलं, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी.

"तुम्ही कशाला आलात, आई?" मी ओशाळून म्हणालो. "तुमचा वाढदिवस!"

"एन्सिओ पाहुण्यांसाठी सौना, वाफेची न्हाणी तापवतोय. आणि कॉफीशिवाय बसून माणसं माझ्याकडे बघतायत. दोर कुठे आहे?"

"होता."

"आणि आता?"

"आता मासा आहे."

सासूबाईंनी माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघांत कोण अधिक शहाणं, याचा विचार करत असाव्यात.

"जावईबुवा," त्या म्हणाल्या, "माझ्या सीटखाली दोर आहे. पन्नास वर्षं तिथेच आहे. सगळ्यात वर."

त्यांनी आधी कॉफीची घसरगाडी आपल्या गाडीला जोडली. तिच्या मागे दोरानं माझी गाडी बांधली. गाठ स्वतः मारली. मी हात पुढे केला तर चापट बसली.

"हँडल सरळ धर. ब्रेकवर हात ठेव. दोर सैल पडला की दाब, नाहीतर माझ्या कपबश्यांवर येशील. आणि मागून ओरडायचं नाही. मला ऐकू येत नाही आणि मी बघतही नाही."

"हो, आई."

मासा मांडीवर घेऊन मी बसलो. म्हातारीनं गाडी अशी सोडली, की माझी टोपी जागच्या जागी राहिली आणि मी पुढे गेलो! ऊन, वारा, आणि तोंडावर उडणारा बर्फ. दुतर्फा मासे पकडणारे उभे राहून हात हलवत होते. लाल टोपीनं तर शुभेच्छाही दिल्या. तळं संपलं, काठाचा चढ आला. तिथे बर्फाचा एक उंचवटा आहे. सासूबाई त्यावरून गेल्या. कपबश्या गेल्या. मग दोराला हिसका बसला आणि माझी गाडी गेली.

मी गेलो नाही. मी आणि मासा थोडा वेळ हवेत होतो, आणि नंतर काखेपर्यंत मऊ बर्फात.

"आई! आई, थांबा!"

घरघर झाडांत शिरली आणि विरून गेली.

तिथून घर तीन किलोमीटर. एप्रिलातला दुपारचा बर्फ, पाऊल टाकलं की मांडीपर्यंत आत. टोपी नाही, बगलेत मासा. पहिला किलोमीटर मी रागानं चाललो. दुसऱ्यात मला हिल्काची काळजी वाटायला लागली. रिकामी गाडी अंगणात आलेली बघून तिचं काय झालं असेल! किंचाळली असेल. पाहुणे हातातलं टाकून बर्फात धावले असतील. एन्सिओ कुत्रे घेऊन निघाला असेल. सासूबाई दाराशी बसून म्हणत असतील, 'मी मागे बघायला हवं होतं, माझा गुणी जावई!' तिसऱ्या किलोमीटरला मला माझंच वाईट वाटायला लागलं. मी ठरवलं, कुणावर रागवायचं नाही. हिल्काला जवळ घ्यायचं आणि म्हणायचं, 'रडू नकोस, मी आलोय.'

अंगणात सगळं शांत होतं. माझी गाडी दोरासकट उभी होती. घसरगाडी रिकामी. शोधायला गेले सगळे, मी मनाशी म्हणालो, आणि दार उघडलं.

आत चाळीस माणसं कॉफी पीत होती! चाळीस कपांतून वाफ निघत होती. कुणीतरी केकचा तिसरा तुकडा घेत होतं. हिल्का किटली घेऊन फिरत होती. तिनं मान वर करून पाहिलं.

"दार लाव, गार वारा येतोय! नाहीतर थांब, बूट काढलेले नाहीस ना अजून? मग शेडमधून चार लाकडं घेऊन ये."

"हिल्का," मी म्हणालो, "मी पडलो होतो."

"कुठे?"

"वाटेत! तासभर झाला!"

एन्सिओनं कप खाली ठेवला. "म्हणजे तू इतका वेळ आत नव्हतासच?"

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासूबाईंचा आनंदी आवाज आला.

"तरीच! चढापाशी माझी गाडी एकदम पळायलाच लागली. आणि मी आपली सगळ्यांना केव्हाची सांगतेय, जुनी गाडी ती जुनी गाडी!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लाकडं आणायला गेलो.