टाक्या सुखरूप

जुनी इंदूरमध्ये आमच्या शेजारी ढवळे अप्पा राहत. संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं तर हातातला कंदील बाहेर ओट्यावर ठेवावा लागे. चपला घालून आत गेलात तर अप्पा एक वेळ खपवून घेत, पण घासलेटचा कंदील उंबऱ्याच्या आत आलेला त्यांना चालत नसे. घरात तिळाच्या तेलाचे दिवे, चुलीला लाकूड आणि शेगडीला कोळसा. नवा माणूस हटकून विचारायचा, "अप्पाजी, घासलेटने आपका क्या बिगाडा है?" मग त्या माणसाची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवत होतो. मध्य भारत राज्य नवं होतं. अप्पा महूच्या छावणीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते इंग्रजांच्या फौजेबरोबर बसऱ्याला आणि तिथून इराणात आबादानला जाऊन आले होते. आबादानला तेलाचा प्रचंड कारखाना होता. देश इराणचा, तेल इराणचं, आणि मालकी इंग्रजांची. ही तीन वाक्यं अप्पा तीन बोटं एकेक करून मिटत सांगायचे, आणि मिटलेली मूठ समोरच्याच्या नाकाशी न्यायचे.

"मास्तरजी, पोरांना काय शिकवता? लढाई कशासाठी झाली?"

"लोकशाहीसाठी," मी पुस्तकातलं सांगायचो.

"आबादानमध्ये मला लोकशाही कुठे दिसली नाही. पिंपं मात्र लई दिसली, भिया."

वाहनांची त्यांनी प्रतवारी लावली होती. टांगा सर्वात उत्तम, कारण घोडा गवत खातो आणि गवतासाठी अजून कुणी पलटण पाठवलेली नाही. आगगाडी चालेल, कारण कोळसा आपला. मोटारबस वर्ज्य. एकदा महूला एका बारशाला जायचं होतं, गाडी चुकली. आम्ही सगळे बसने गेलो आणि अप्पा टांग्याने निघाले. ते पोचले तेव्हा पोराचं नाव ठेवून झालं होतं, आणि ते पोर ते नाव ऐकून ऐकून झोपीही गेलं होतं.

गल्लीत वीज आली तेव्हा अप्पा स्वतः बिजलीघरात चौकशीला गेले. तिथल्या मिस्त्रीने सांगितलं, "कोयले पे चलती है, अप्पाजी. बस, मशीन को थोडा तेल पिलाना पडता है." "थोडा" ऐकताच अप्पा उठले. सुरुवात थोड्यापासूनच होते म्हणाले. वीज पुढे दोन वर्षं त्यांच्या दारावरून नुसती जात राहिली.

त्यांचं एक पालुपद होतं, "टाक्या सुखरूप." पेपरात कुठल्या गिरणीला आग लागल्याची बातमी असली, की वाचून झाल्यावर ते घडी घालत म्हणायचे, "टाक्या सुखरूप." आमची ही एकदा माळ्यावरून उतरताना शिडीवरून घसरली. धडामकन आवाज झाला, आणि माझ्या तोंडून, देवा शपथ, पहिलं वाक्य निघालं, "तुपाची बरणी फुटली का?" ही काही बोलायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तरजी, टाक्या सुखरूप?" महिनाभर 'टाक्या सुखरूप?' हेच मी घरात दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर ऐकलं. पण ते आलं कुठून, ते मला ठाऊक नव्हतं.

मग ते वर्ष आलं. इराणने जाहीर केलं की आमचं तेल आता आमचं. इंग्रजांचा जळफळाट झाला आणि त्यांची लढाऊ जहाजं आबादानसमोर येऊन उभी राहिली. अप्पा सकाळी ओट्यावर उभे राहून मोठ्याने पेपर वाचायचे. पोहे घ्यायला निघालेली माणसंसुद्धा थांबायची.

"बघा. घर त्याचं, विहीर त्याची. तो म्हणतो, पाणी मी काढीन. तर हे दारात बंदुका घेऊन उभे. आणि पेपरवाला लिहितो काय, की परिस्थिती नाजूक आहे. चोर दारात उभा आहे असं लिहायला ह्याच्या बापाचं काय जातं?"

खरं सांगतो, मलाही राग यायचा. आमचे साहेब लोक जाऊन चार वर्षं झाली नव्हती. त्यांची जहाजं दुसऱ्याच्या दारात कशी उभी राहतात, हे आम्हांला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नेमकं त्याच महिन्यात अप्पांच्या मुलीला, कुसुमला, स्थळ आलं. मुलगा वसंता, महूचा, शांत, निर्व्यसनी. कुसुमने त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि त्यानेही तिला पाहिलं होतं, असं आमच्या हिने मला डोळ्यांनीच कळवलं. सगळं जुळत होतं. फक्त वसंता एका तेल कंपनीच्या डेपोत कारकून होता.

अप्पांनी पत्रिका न बघताच परत केली. कुसुमने दोन दिवस दिवे लावले नाहीत. अप्पा अंधारात बसून राहिले, पण कंदील मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी कुसुमने मला गाठलं. "दादा, तुम्हीच बोला त्यांच्याशी. हे स्थळ गेलं तर मी दुसऱ्याला होय म्हणणार नाही. बाबांना वाटतं मी त्यांच्यासारखी हट्टी नाही."

मी गेलो, तेही चांगली कडक भाषा मनात घोळवून. "अप्पा, तुमची लढाई तुमच्यापाशी ठेवा. पोरीच्या आयुष्याचं कशाला मातेरं करता? वसंता डेपोत चिठ्ठ्या फाडतो. त्याने कुठला देश घेतला?"

अप्पांनी उठून कपाटातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. इंग्रजी टाइप केलेली, पिवळी पडलेली नक्कल होती. लढाईत तेल जर्मनांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांच्या फौजेने आबादान ताब्यात घेतलं, त्याचा अहवाल. पहिली ओळ: टाक्या सुखरूप. दुसरी: नळ सुखरूप. मग धक्के, पंप, गोदामं. पान उलटलं. मागे, सगळ्यात खाली, मेलेल्यांची यादी. त्यात एक नाव ढवळे मधुकर.

"धाकटा भाऊ," अप्पा म्हणाले. "मीच भरती केला होता. म्हटलं, डोळ्यासमोर राहील. पहाटे आम्ही नदी ओलांडून दुसऱ्याच्या घरात घुसलो, मास्तरजी. हुकूम होता की गोळी जपून झाडा, टाकीला लागेल. मधूने जपून झाडली. समोरचा कशाला जपेल? त्याचं तर घर होतं. तोही बिचारा गेलाच असेल, त्याचं नाव ह्या यादीतसुद्धा नाही."

मी पान परत उलटलं.

"आणि हा कागद टाइप कुणी केला? मी. साहेब सांगत गेला, मी बोटं चालवत गेलो. मधूचं नाव खाली येणार हे मला ठाऊक होतं. 'सर, आधी माणसं लिहू या' एवढं म्हणता आलं नाही मला. हेडक्लार्क होतो ना."

मी म्हणालो, "अप्पा, मग त्या डेपोत वसंताचं नाव टाक्यांच्या वर लिहिणारं आपलं कुणीतरी नको का?"

त्यांनी कागद घेऊन कपाटात ठेवला. मग आत बघून म्हणाले, "कुसुम, दिवा लाव. पत्रिका परत मागव."

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. आणि वरात निघायच्या वेळेला वरपक्षाने बोलावलेल्या गॅसबत्त्या दारात हजर झाल्या. सात माणसं, सातांच्या डोक्यावर घासलेटच्या भणभणत्या बत्त्या. वसंताचे वडील माझ्याकडे बघू लागले, मी अप्पांकडे. अप्पा उठले, त्या रांगेशी गेले आणि एकेकाला नाव विचारू लागले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वराती उजळणाऱ्या त्या माणसांना नाव कुणी विचारलं नसावं. पहिला तर घाबरून म्हणाला, "बाबूजी, हमने कुछ नहीं किया."

वरात निघाली. उजेड वरमाईच्या शालूवर, वाजंत्र्यांवर, घोड्यावर. बत्ती धरणारे अंधारात. अप्पा नवरदेवाच्या घोड्यामागून न चालता त्या सातांच्या बरोबरीने चालले.

वरात दोन गल्ल्या पलीकडे वऱ्हाडाच्या बिऱ्हाडी पोचल्यावर बत्त्यांचा ठेकेदार आला. त्याची रीत ठरलेली. प्रत्येक बत्ती हातात घेऊन काच बघायची, आतली जाळी बघायची आणि बत्त्या कुणीही बोलावलेल्या असोत, सही मुलीच्या बापाची घ्यायची. त्याने छापील चिठ्ठी पुढे केली. "देख लो अप्पाजी, सातों बत्ती सलामत. यहां साइन मार दो."

अप्पांनी चष्मा लावला आणि चिठ्ठी वाचली. मग मान वर करून त्यांनी त्या सातांकडे पाहिलं. एकाच्या मानेवर गरम तेल सांडून कातडी लाल झाली होती.

"हे कोण लिहिणार?" अप्पांचा आवाज एवढा चढला की वाजंत्री थांबली. "बत्ती सलामत, और आदमी? आदमी का कॉलम कहां है तेरी चिठ्ठी में?"

"अप्पाजी, ऐसा कॉलम तो होता नहीं."

"माहीत आहे मला. कधीच नसतो."

त्यांनी कुसुमच्या सासरच्या मंडळींकडून खोबरेल मागवलं आणि त्या माणसाच्या मानेला स्वतः लावलं. मग ओट्यावर बसून, चिठ्ठीच्या वर जी चिंचोळी कोरी जागा होती तिथे, हेडक्लार्कच्या सुबक अक्षरात लिहू लागले. सात नावं. प्रत्येकापुढे सुखरूप, एकापुढे भाजला आहे, औषध दिले. सही त्यांनी त्या नावांखाली केली. मग कागद माझ्याकडे दिला.

"तपासून बघा, मास्तरजी. क्रम बरोबर आहे ना?"

मी बघितलं. सात नावांच्या वर, अगदी कडेला, बारीक अक्षरात आठवं नाव होतं, ढवळे मधुकर. त्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"बरोबर आहे, अप्पा," मी म्हणालो.