चष्मेवाला बोंबील मुलुंडास गेला, त्याची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, वेसावे कोळीवाड्याच्या सकळ गल्लीने पुसिले की, समीक्षाबाईंचे टेबल खिडकीत राहिले कैसे आणि डीप फ्रीजर प्रज्योतरावांच्या उशाशी गेला कैसा. त्यावरून जे घडले ते, पदरचे न घालता व कोणाची भीड न धरिता, लिहून ठेविले आहे. ज्यास राग येईल त्यास येवो. राग येण्याजोगी माणसे या हकीकतीत दोनच असून दोन्ही एकाच परातीत भाकरी थापतात.

मुलूख ऐसा की, दीड खोलीचे घर, त्यास पश्चिमेस एकच खिडकी, आणि खिडकीखाली टेबल. टेबलावर अंमल समीक्षाबाईंचा. बाई जलरंगात मासे काढीत, परंतु सरळ मासे नव्हेत. पापलेट दप्तर घेऊन शाळेस निघालेले, सुरमई रेनकोट घालून बसथांब्यावर उभी, खेकडा आपल्याच दोन नांग्यांत कॅरमचा डाव मांडून हरलेला, ऐसे चमत्कार काढून फोनवरील आपल्या पानावर विक्रीस मांडीत. तारीफ उदंड येई आणि गिऱ्हाईक येईना. आजवर तीन चित्रे खपली. पैकी एक आईने घेतले, एक बहीण मालन हिने, आणि तिसरे प्रज्योतरावांच्या मित्राने, तेही प्रज्योतरावांनी दंड धरिला म्हणून.

समीक्षाबाईंच्या सासू सोनूबाई, बाजारात चाळीस वर्षे मासळीच्या पाटीवर निरंकुश. त्यांची नजर टेबलाच्या जागेवर, कारण तेथे डीप फ्रीजर नेमका बसे. माघमासी त्यांनी हुकूम सादर केला की, फेब्रुवारी अखेर एक तरी चित्र परक्या माणसाने घ्यावे. नात्यातले, गल्लीतले आणि दंड धरून आणिलेले गिऱ्हाईक मोजणीस धरिले जाणार नाही. न घडल्यास टेबल माळ्यावर चढेल. महिना फेब्रुवारीच का, तर तो दोन दिवस तोकडा. हा कावा समीक्षाबाईंच्या ध्यानी दहा तारखेस आला, तोवर तह होऊन वरती चहाही झाला होता.

सोनूबाईंचे एक मर्म येथेच नोंदणे अवश्य. डोळ्यांच्या डॉक्टराने दोन वर्षांमागे त्यांस चष्मा दिला होता. परंतु चष्मेवाल्या कोळणीस गिऱ्हाईक म्हणेल की हिलाच दिसत नाही, हिची मासळी ताजी कशावरून. म्हणोन तो चष्मा बिस्किटाच्या डब्यात नजरकैदेत होता आणि बाई फोन हातभर लांब धरून पाहात. प्रज्योतराव, समीक्षाबाईंचे यजमान, मढच्या फेरीबोटीवर चाकरीस. दोन्ही सरकारांचे ताबेदार. मसलत पुसली असता 'मी काय बोलू' इतकेच बोलत आणि बोट गाठीत.

आता फौजेचा हिशेब. कन्या कल्पिता, उमर चार, नऊ ते बारा बालवाडीत. म्हणजे हाती तास तीन. त्यातून धुणे अर्धा, स्वयंपाक एक, पाण्याचे पिंप भरणे पाव, 'सूनबाई, माझा फोन कुठे' हे शोधणे पाव. बाकी एक तास, तोही शेजारणीची बेल न वाजल्यास. एवढ्या शिबंदीवर बाई लढत होत्या.

ऐसे असता वीस तारखेस मुलुंडाहून खलिता आला. प्रियंका नामे परकी बाई, नाते नाही, ओळख नाही. मजकूर की, आमच्या ऋताला, सहा वर्षांची आहे, चष्मा लागला, तो ती घालीत नाही, घातला की रडते. तर चष्मा घातलेला एखादा मासा काढून सत्तावीसपर्यंत पोचवाल का? समीक्षाबाईंनी बोंबील मुक्रर केला. सोनूबाईंनी तात्काळ हरकत नोंदविली.

"बोंबलाला चष्मा? त्याला नाक हाय का गो? टिकंल कशावर?"

"दोरी बांधीन, आई. मागून."

"बांध. बोंबील तं असा लिबलिबीत, दोरीसकट घसरंल."

पहिले चित्र तेवीस तारखेस पुरे होणार तो कल्पिताने छापा घालून बोंबलास जांभळ्या मिशा दिल्या. दुसऱ्यावर चोविसास प्रज्योतरावांनी चहाचा कप ठेविला आणि 'समुद्रात चंद्र दिसतोय' ऐसा बचाव केला, तो नामंजूर होऊन त्यांस त्या दिवशी दुसरा चहा मिळाला नाही. तिसरे पंचवीस तारखेस पावणेबारास उतरले. बोंबील ऐटीत, गोल चष्मा, दोरी कल्ल्यांमागे, हाती वर्तमानपत्र. परंतु निळा समुद्र ओलाच, कुरियरवाला दोनास येणार, आणि बालवाडी सुटायची वेळ झालेली. बाई चित्र टेबलावर ठेवून कल्पितास आणावयास दरकूच निघाल्या.

आणि मग सोनूबाईंस दया आली. या गल्लीत आजवर जी संकटे आली ती बहुतेक सोनूबाईंस दया आल्याने. त्यांनी विचार केला की वस्तू सुकवायची आहे, आणि सुकवणे तर आपले घराणे; मग कागद उचलोन थेट किनाऱ्यावर नेला आणि वलांडीवर, म्हणजे बोंबील सुकवण्याच्या बांबूंवर, खऱ्या बोंबलांचे रांगेत चिमटा लावून टांगिला. तासाभरात कागद पापडासारखा कडक. समीक्षाबाई येऊन पाहतात तो चित्र सुकलेले, सासू प्रसन्न, आणि दोहों बाजूंस खरे बोंबील.

"आई! ह्याला वास लागला असणार!"

"कसला वास? मना तं नाय येत."

येथे मोहिमेस खरा पेच पडला. समीक्षाबाईंनी कागद नाकाशी धरिला, वास येईना. कल्पितास हुंगविला, येईना. शेजारच्या लूर्डसबाईंस बोलाविले, त्यांनी डोळे मिटून हुंगिला आणि 'छान, कोरा वास आहे गं' ऐसा निर्वाळा दिला. जन्म वलांडीशेजारी गेलेला. सतरा नाके तपासली, सतराही निकामी. अखेर गल्लीतली भुरी मांजर आली, ती दप्तर घेतलेल्या पापलेटाकडे ढुंकूनही न पाहता या चित्राखाली बसली आणि मिशा चाटू लागली. निकाल कळला. मग टाल्कम पावडर भुरभुरविली, उदबत्त्या लाविल्या, कागदात कागद गुंडाळिले, तो दोनास कुरियरवाला दिंडोशीहून आला. परमुलखाचे पहिले नाक. त्याने पाकीट हाती घेतले आणि खाली ठेविले.

"मॅडम, सुका बोंबील कुरियरने नाही जात. देवासमोर ठेवलेला पण नाही जात."

"चित्र आहे हो ते! शप्पथ!"

"चित्राचा एवढा दरवळ?" म्हणोन त्याने मान हलविली, परंतु बाईंचा चेहरा पाहून पाकीट नेले, हात लांब ठेवून.

सत्तावीस तारखेस प्रियंकाबाईंचा जाब आला: चित्र मिळाले, सुंदर आहे, पण ह्याला वास कसला येतोय? प्रज्योतरावांनी आयुष्यात प्रथमच मसलत दिली, 'इंपोर्टेड रंगाचा आहे म्हणून सांग ना'. सोनूबाई म्हणाल्या, "खरा सांग. शिळा माल ताजा म्हणून मी कवा इकला नाय." समीक्षाबाईंनी खरे ते लिहिले: सासूबाईंनी बोंबलांबरोबर वाळवले, माफ करा, परत पाठवलेत तरी चालेल. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे सामसूम. परत आले तर विक्री बाद, विक्री बाद तर टेबल माळ्यावर.

अठ्ठावीस तारखेस दहाच्या सुमारास चार हमालांनिशी डीप फ्रीजर दारी दाखल जाहला. समीक्षाबाई ब्रश पुसून डब्यात भरू लागल्या. हमालांनी टेबलास हात घातला, आणि फोन वाजला.

मुलुंडाहून मजकूर की, ऋताने चित्र हुंगले आणि जाहीर केले, हा खरा मासा आहे, ह्याला वास येतो. आणि खरा मासा चष्मा घालतो तर मी पण घालणार. काल दुपारपासून काढलेला नाही, आंघोळीलाही नाही. वर्गातली एक मैत्रीण दात घासत नाही, तिच्यासाठी दातवाली मुशी, म्हणजे शार्क, हवी. वासासकट.

सोबत फोटो. सोनूबाईंनी फोन हातभर लांब धरिला, वीतभर जवळ आणिला. पोर दिसे, चष्मा दिसेना. चारी हमाल, सून, लेक आणि भुरी पाहात असता बाई उठल्या, बिस्किटाचा डबा उघडिला, आणि दोन वर्षांची कैद संपवून चष्मा नाकी चढविला. बराच वेळ पाहिले. पोरीकडे पाहिले, मग तिच्या हातातील चित्राकडे पाहिले. सुनेचे चित्र बाईंनी नीट पाहिले ते आज प्रथम.

"सूनबाय, ह्या काय गो? बोंबलाच्या शेपटाला तीन टोका असतान. तू दोनच काढलीस."

"आई, तुम्हांला दिसलं?"

"मना सगला दिसतंय. टेबल ठेवा रे खाली!"

येणेप्रमाणे फाल्गुन मासी फत्ते जाहली. टेबल खिडकीत कायम करण्यात आले. फ्रीजर परत न घेण्याची दुकानदाराची अट निघाल्याने तो प्रज्योतरावांचे उशाशी बसविण्यात आला आणि त्यांस रात्रभर घरघर ऐकण्याची नेमणूक मिळाली. पुसले असता 'मी काय बोलू' म्हणाले. वलांडीचे टोकाचे दोन हात चित्रांस तोडून दिले, तेथे भुरीस मनाई. सोनूबाई चष्मा लावून बाजारी बसतात, आणि गिऱ्हाईक काही बोलल्यास ऋताचा फोटो पुढे करितात. मुशीचे चित्र सांप्रत वाऱ्यावर आहे. तिचे दात सोनूबाईंनी जातीने मोजून घेतले असून, दोन कमी भरले.