खोलीत दुसरी व्यक्ती आढळली

खिळा कुठे ठोकायचा, एवढाच प्रश्न होता.

आमच्या भावकीत गेलेल्या माणसाच्या फोटोची भिंत ठरलेली असते. ती कोणती, यावर मात्र कुणाचं एकमत नसतं. भिमाजी आबा, म्हणजे माझे चुलते, म्हणाले दक्षिणेची. आई म्हणाली देवघर सोडून कुठलीही. मी म्हणालो, टेबलामागची. तिथे मोबाईलला रेंज येते, म्हणून माझी पुतणी कोमल तिथेच बसून अभ्यास करते.

"तितं कशाला?" आबा म्हणाले.

"पोरीच्या पाठीशी बाप पायजे," मी म्हणालो.

वाक्य असं जोरदार होतं की माझं मलाच नवल वाटलं. मला एरवी अशी वाक्यं सुचत नाहीत. मी सातवीपर्यंत शिकलो (सहावीपर्यंत म्हणा, सातवीत मी शाळेत होतो, शिकत नव्हतो). आता लोणावळा स्टेशनवरून भुशी धरणाकडे टुरिस्ट नेतो. नाव हौशीराम. आजोबांचं. आजोबाच परत आले असं समजून ठेवलं होतं. पुढे माझी प्रगती बघून तो समज सगळ्यांनी मागे घेतला.

मी लगोलग चार इंची चार खिळे ठोकले. वाद वाढायच्या आत काम उरकायचं, ही माझी पद्धत आहे.

फोटोही साधा नव्हता. स्टुडिओवाला स्वराज म्हणाला होता, "बारा बाय अठरा करू ना?" मी म्हणालो, "माणसाएवढा कर." तो म्हणाला, "एवढा मोठा कुणी करत नाही." मी म्हणालो, "एवढा मोठा भाऊपण कुणाला नसतो." मग त्याने मुकाट्याने केला. दादाचा कमरेपासून वरचा भाग, अगदी खऱ्याएवढा. मावशीच्या पोरीच्या लग्नातला, हसतानाचा. शेजारी मी होतो, मला कापून टाकलं. पण दादाच्या खांद्यावरचा माझा हात कापता येईना. तो तसाच राहिला.

पाच महिने झाले. माझा दादा निलेश, वय एकोणचाळीस, जेवून हात धुवायला उठला आणि मोरीपाशी बसला तो बसलाच. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

तर कोमलची शाळा. ती दादानेच काढलेली टूम. अकरावीला कॉलेजात न घालता त्याने तिला ऑनलाइन शाळेत घातलं. कुसगावातून कॉलेजला जायला रस्ता एक आणि त्यावर गाड्या हजार. शनिवारी निघालेली पोरगी सोमवारी पोचायची, असं त्याचं म्हणणं. आबांना हे पहिल्यापासून पटलं नाही. "घरी बसून शाळा असती व्हय? मग सुट्टीत काय शाळंत जायचं का?"

मला वाटायचं ऑनलाइन शाळा म्हणजे चैन. पोरगी अंथरुणात आणि मास्तर मोबाईलमध्ये. तसं काही नसतं. दर सोमवारी आठवड्याचे धडे येऊन पडतात. ते बघायचे, थांबवून लिहून घ्यायचे, प्रत्येक धड्यापाठी छोटी चाचणी. आठवड्यातून दोनदा मास्तर प्रत्यक्ष दिसतात आणि नाव घेऊन प्रश्न विचारतात. तेव्हा "आवाज येत नाही सर" हे एकदाच चालतं. आणि मुलांपेक्षा पालकाला काम जास्त. पालकाचं वेगळं खातं, त्यात पोरीने किती वेळ अभ्यास केला ते मिनिटांनिशी दिसतं. दर आठवड्याला पालकाने ते बघून खूण करायची, नाहीतर पुढचा धडा उघडत नाही.

या पालकाला ते 'लर्निंग कोच' म्हणतात. दादा गेल्यावर मी जाहीर केलं, "आजपासून लर्निंग कोच मी." (माझ्या डोक्यात लर्निंग म्हणजे लर्निंग लायसन. मला वाटलं पोरीला स्कूटर शिकवायची आहे. ती मी दोन दिवसांत शिकवली. मग कळलं, विषय भौतिकशास्त्राचा होता.)

तरी मी पाच महिने दर रविवारी दादाच्या खात्यात शिरून खूण केली. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण पोरगी दोनशे मिनिटं बसली एवढं कळायचं, आणि तेवढ्यावर माझी कॉलर ताठ व्हायची.

सहामाही परीक्षा आली तसे आबा ओट्यावर येऊन बसले. "हौशा, ही परीक्षा गेली तर शाळा बंद. भुशीच्या रस्त्याला त्या होमस्टेवाल्याला पोरगी पायजेल, बुकिंग घ्यायला. मी शब्द टाकलाय."

"शब्द परत घ्या."

"तुझी वहिनी हाटेलात राबती. तू गाडीवर. घरात कमावतं किती?"

"दादानं सुरू केलंय ते बंद पडणार न्हाई. लिहून देऊ का?"

"तुला लिहिता येतंय व्हय?" आबा म्हणाले. आबांचा घाव असा बसतो.

परीक्षा रविवारी दहाला. साडेदहानंतर आत घेत नाहीत, आणि चुकली तर वर्ष गेलं. वहिनीला हॉटेलात रविवारी सुट्टी मिळत नाही, लोणावळ्यात रविवारी फक्त पाहुण्यांना सुट्टी असते. म्हणून घरात आम्ही तिघं, म्हणजे कोमल, आई आणि मी. मी अंघोळ करून, गंध लावून, साडेनऊलाच लर्निंग कोच होऊन बसलो.

ही परीक्षा मशीन घेतं. लॅपटॉपचा कॅमेरा सतत चालू, आणि पोरीने मान वळवली तरी मशीन टिपतं. आधी खोली फिरवून दाखवायची, मग पालकाने तोंड दाखवायचं आणि बाहेर जायचं. खोलीत विद्यार्थिनी एकटी.

पडद्यावर अक्षरं आली : 'नोंदणीकृत पालकांनी कॅमेऱ्यासमोर यावे.'

मी गेलो. छाती पुढे काढली.

'ओळख पटली नाही.'

"काका, हसू नको," कोमल म्हणाली. मी गंभीर झालो. 'ओळख पटली नाही.' गंध पुसलं. 'ओळख पटली नाही.'

"काका, खात्यात पप्पांचा फोटो आहे. मशीन तोच शोधतंय."

खातं दादाचं, हे मी पाच महिने विसरूनच गेलो होतो. पण हार मानेल तो मी कसला? आत जाऊन दादाचा निळा शर्ट घातला, त्याच्यासारखा भांग पाडला आणि परत उभा राहिलो. आई आतून आली, माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून परत गेली. मशीनला मात्र काही वाटलं नाही. 'ओळख पटली नाही.'

दहाला दहा कमी. मी बाजूला झालो. कोमलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला दिसू नये म्हणून ती पेन पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकली. त्याबरोबर कॅमेऱ्यासमोर फक्त भिंत राहिली.

टिंग!

'पालकांची ओळख पटली. धन्यवाद, निलेश.'

आई परत बाहेर आली. "काय म्हनलं त्ये?"

"दादाला वळखलं."

"वळखलं?" आई लॅपटॉपजवळ आली आणि त्याच्या झाकणावरून हात फिरवला. "पाच म्हैन्यांत मान्सं इसरली. ह्यानं वळखलं बग!"

तेवढ्यात पडदा लाल झाला. 'खोलीत दुसरी व्यक्ती आढळली. पालकांनी खोली सोडावी. तोपर्यंत परीक्षा स्थगित.'

आम्ही तिघांनी एकदम दादाकडे बघितलं. दादा हसत होता.

"काका," कोमल हळूच म्हणाली, "फोटो काढू या."

"न्हाई."

"दोन तासांसाठी फक्त."

"वर्षश्राद्धापर्यंत हलणार न्हाई तो. मशीन सांगतंय म्हणून घरच्या माणसाला घराबाहेर काढायचं? पोरीच्या पाठीशी बाप उभा राहिला तर यांच्या पोटात दुखायचं काय कारण? फोन दे. मी बोलतो."

मदतीच्या नंबरावर आधी पंधरा मिनिटं गाणं वाजलं. मग एक मुलगी बोलली. "नमस्कार, मी कौमुदी. काय अडचण आहे?"

"पोरीचा पेपर अडवलाय तुमच्या मशीननं."

"एक मिनिट हं, बघते. हो, खोलीत विद्यार्थिनीचे वडील दिसतायत. त्यांना बाहेर जायला सांगा."

"तो गेला."

"नाही गेले. मला दिसतायत ना."

"अहो ताई, गेला. पाच महिने झाले."

"पाच महिने? मग आता परत कधी आले?"

"परत कसा येईल?"

"पण समोर उभे आहेत! हसतायत!"

"तो हसतोच."

"हे बघा, परीक्षेत हसण्यासारखं काही नाही. आणि त्यांच्या खांद्यावर हात कुणाचा आहे?"

"माझा."

"म्हणजे तुम्हीपण खोलीत उभे आहात?"

"मी हितं दारापाशी उभाय."

"मग हात तिकडे कसा?"

"हात गेल्या वर्षीचाय!"

पलीकडे तिने कीबोर्डवर काहीतरी बडवलं. "सर, वेळ जातोय. दहा वाजून चौदा झालेत. ते नक्की कुठे गेलेत, ते मला स्पष्ट सांगा."

आई दारात उभी होती. म्हणाली, "सांग की तिला. का सांगत न्हाईस?"

खरं सांगतो, पाच महिने मी 'गेला' यावरच भागवत आलो होतो. स्टेशनवर, किराणावाल्याला, बँकेत. गेला म्हटलं की माणूस कुठेतरी असतो. पुढचा शब्द मी कधी तोंडातून काढला नव्हता, आणि ही मुलगी, जिचं मी तोंडही बघितलं नव्हतं, तोच मागत होती.

"मेला, ताई," मी म्हणालो. "माझा भाऊ मेला. भिंतीवर फोटो आहे त्याचा."

पलीकडून आवाज आला, पण आता तो ऑफिसातला आवाज नव्हता.

"मला माफ करा. मला हार आत्ता दिसला." मग म्हणाली, "पालक बदलायचा अर्ज असतो. त्याला पंधरा दिवस लागतात, तो मी आजच भरून घेते. पण पेपर आत्ता आहे. मशीनला मी काही सांगू शकत नाही. सोळा मिनिटं होती, आता तेरा राहिलीत. तुम्ही ठरवा, दादा."

पुण्याकडच्या मुली कुणालाही दादा म्हणतात, हे मला माहीत आहे. रिक्षावाल्यालाही म्हणतात. पण मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या घरात दादा एकच.

मी फोन आईकडे दिला, टेबल भिंतीला लावलं आणि त्यावर चढलो.

आता ते चार इंची खिळे. ठोकताना मी म्हणालो होतो की भूकंप झाला तरी फोटो हलायचा नाही. ते खरं होतं. मी ओढला, हलला नाही. कोमलने ओढलं, हलला नाही. दहा बावीस. मी दादाला म्हणालो, "आता हट्ट करू नको, पोरीचं वरीस जातंय." आणि अंगातलं सगळं बळ लावून हिसका दिला. फोटो आला. सोबत भिंतीचा थाळीएवढा पोपडा आला आणि मी टेबलासकट खाली आलो. लॅपटॉप कोमलने हवेतच झेलला.

फोटो दारातून जाईना. आडवा धरला, अडकला. तिरका केला, हार कडीत अडकला.

"तोंड घराकडं कर त्याचं," आई म्हणाली. "पोरगी दिसू दे."

दहा सत्तावीसला आम्ही दोघे बाहेर पडलो. आतून टिंग वाजलं. पेपर सुरू झाला.

पुढचे दोन तास मी ओट्यावर दादाला मांडीवर घेऊन बसलो. ओटा उन्हात होता. एक टुरिस्ट गाडी भुशीचा रस्ता विचारायला थांबली. आतल्या बाईंनी फोटो बघितला, हार बघितला, माझ्या केसातलं प्लास्टर बघितलं आणि हात जोडून रस्ता न विचारताच निघून गेल्या.

मग आबा आले. "हौशा! ह्याला कुटं घिऊन चाललास?"

"कुटं न्हाई. परीक्षेला बसलोय."

"कोन?"

"आमी दोघं."

"पोरीची गेली का परीक्षा?"

"न्हाई गेली. चालू हाय. आणि आबा, ऐकून ठेवा. ही परीक्षा चालली, पुढची चालेल, बारावीपण चालेल. दरवेळी ह्याला बाहेर आणून बसीन. त्या होमस्टेवाल्याला सांगा, बुकिंग घ्यायला दुसरी पोरगी बघ."

आबा बरंच काही बोलणार होते. पण त्यांनी दादाकडे बघितलं. जिवंत असताना दादा असाच हसत ऐकून घ्यायचा, आणि आबांचं बोलणं तिथेच संपायचं. ते खाली टेकले. थोड्या वेळाने त्यांनी टोपी काढली आणि फोटोवर ऊन येत होतं तिथे आडवी धरली. माझ्या डोक्यावरचं ऊन कुणालाच दिसलं नाही.

आठ दिवसांनी निकाल आला. कोमलला एक्क्याऐंशी टक्के. फोटो मी परत त्याच भिंतीवर लावला (यावेळी दोनच खिळे, तेही लहान). वहिनी हॉटेलातून पेढे घेऊन आली, आबाही आले, आणि कोमलने सगळ्यांसमोर निकाल मोठ्याने वाचला. गुणांच्या खाली मशीनने परीक्षेतल्या वर्तणुकीचा अहवाल जोडला होता. तो वाचू नको म्हणून मी खूण केली. तिने वाचला.

'नोंदणीकृत पालक : शांत, संयमी, हसतमुख. परीक्षेत कोणताही हस्तक्षेप नाही. सहकार्य उत्कृष्ट.'

"बग," आई म्हणाली.

'अनोळखी व्यक्ती, एक : वारंवार वेश बदलून पालक असल्याचे भासवण्याचा प्रयत्न. आरडाओरडा. फर्निचरवर चढणे. भिंतीचे नुकसान. नोंदणीकृत पालकांस बळजबरीने खोलीबाहेर नेले. पालकांनी या व्यक्तीस समज द्यावी, आणि समज दिल्याची खूण करावी. त्याशिवाय पुढील धडा उघडणार नाही.'

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. पण तो काही बोलणाऱ्यातला नव्हता. शेवटी पोरीचा धडा अडू नये म्हणून मीच त्याच्या खात्यात शिरलो आणि मला समज दिल्याची खूण केली.

"समज दिली खरी," वहिनी पेढा पुढे करत म्हणाली, "पन तुमच्यापतूर पोचली का, भावजी?"