भिंतीतला पाइप आणि फ्लशच्या टाकीतला फोन

"माझ्या कामात चूक सापडली तर मिशी उतरवीन," असं तो प्लंबर ज्याला त्याला छातीठोकपणे सांगायचा. मिशी त्याला नव्हतीच, त्यामुळे पैज अगदी सुरक्षित होती.

त्याचा सगळा तोरा एका फोनवर उभा होता. जुने मिस्त्री पाइप भिंतीत गाडायच्या आधी वहीत आकृती काढून ठेवायचे. खिडकीपासून इतके इंच, नळापासून इतके. याने वही कधीच फेकून दिली होती. पाइप बसला, की टाइल्स लागायच्या आधी तो खिशातून फोन काढायचा, पाचदहा फोटो मारायचा आणि घरमालकाला दम भरायचा, की माझा फोटो बघितल्याशिवाय या भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. गिऱ्हाइकं भारावून जायची. हातातलं यंत्र दाखवून मोठ्याने बोलणाऱ्याला लोक हुशार समजतात. फोटो उघडून बघायची तसदी एकानेही कधी घेतली नव्हती. त्याने स्वतःनेसुद्धा.

त्या दिवशी दुपारी चार वाजता हेडबाईंच्या बाथरूमची भिंत ड्रिल होणार होती. हेडबाई म्हणजे त्याच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या घसरून पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि साडेचारला त्यांची मुलगी त्यांना दवाखान्यातून घरी आणणार होती. धरून उठायला भिंतीला दांडा बसल्याशिवाय त्यांना बाथरूममध्ये पाऊल टाकू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दांडा सुतार बसवणार होता, पण भोकं कुठे पाडायची ते प्लंबर सांगणार होता. कारण त्याच भिंतीत गिझरच्या गरम पाण्याचा पाइप होता आणि तो सरळ जात नव्हता. मध्ये काँक्रीट आडवं आलं म्हणून त्याला तीन वळणं द्यावी लागली होती. ती नेमकी कुठे दिली, हे प्लंबरला आठवत नव्हतं. आठवायचं कशाला? फोटो होते ना.

सकाळी अकरा वाजता तो स्वतःच्या घरातली फ्लशची टाकी दुरुस्त करायला वाकला. ही टाकी गळते असं बायको तीन महिने सांगत होती. गावभरचे नळ बंद करणाऱ्या माणसाला घरचा नळ ऐकू येत नाही. झाकण काढलं, आत डोकावला, आणि शर्टाच्या खिशातला फोन सुळकन पाण्यात गेला.

त्याने तो बाहेर काढला तेव्हा पडद्यावर एक पांढरी रेघ थरथरली आणि विझली. नव्या टाइल्स फोडून उसळणारं गरम पाणी आणि त्याखाली बसलेल्या हेडबाई त्याला लख्ख दिसल्या.

"तांदूळ दे," तो स्वयंपाकघरात धावला. "फोन टाकीत पडलाय."

"कुठल्या टाकीत?" बायकोने विचारलं.

"फ्लशच्या."

बायकोने तांदळाचा डबा उचलून छातीशी धरला. फ्लशच्या टाकीतलं पाणी आणि प्यायचं पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीतून येतं, दोन्ही सारखंच स्वच्छ असतं, हे त्याने तिला घाईघाईने समजावून सांगितलं. हेच तो गिऱ्हाइकांनाही सांगत असे.

"मग प्या बरं एक पेला," बायको म्हणाली.

तांदूळ मिळाले नाहीत. आईने बाहेरच्या खोलीतून, फोन थर्मामीटरसारखा झटक, असा सल्ला दिला. त्याने झटकला. दोन थेंब आईच्या चष्म्यावर उडाले आणि कुठलं पाणी आहे ते बायकोने सांगितल्यावर आई तडक अंघोळीला गेली. तिची दुसरी अंघोळ.

आता खरं तर त्याने गप्प बसून फोन कोरडा होऊ द्यायला हवा होता. पण वीस वर्षं पाइप जोडलेला माणूस प्रत्येक गोष्टीत पाइपच बघतो. नळाला पाणी येत नसेल, लाइनीत हवा अडकली असेल, तर तोंड लावून ओढायचं. त्याने चार्जिंगच्या भोकाला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओढलं. तेवढ्यात बायको दारात आली. तशीच मागे फिरली.

ओढून काही आलं नाही. मग त्याने लाइन साफ करायचा हवेचा पंप काढला. सिमकार्डाची चिमुकली पट्टी टाचणीने उघडली, तिथे नळी टेकवली आणि दट्ट्या दाबला. फोनमधून पाण्याचा एक थेंब आला. सिमकार्ड मात्र गोळीसारखं उडालं, भिंतीवर आपटलं आणि बेसिनच्या जाळीतून खाली गेलं.

इथे त्याला पहिल्यांदा घाम फुटला. आता सुताराला थांबवायचं तरी कसं? बायकोचा फोन होता, पण सुताराचा नंबर घरात कोणाला पाठ होता? स्वतःच्या बायकोचा नंबर ज्याला पाठ नाही, त्याला सुताराचा कसा असणार? आणि जाऊन थांबवावं, तर फोटो गेले हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं.

निदान बेसिन उघडणं हे त्याचं हातखंडा काम होतं. खालची वाटी फिरवून त्याने सगळा गाळ बादलीत ओतला. त्यात सिमकार्ड सापडलं. शिवाय एक सोन्याची कुडीही सापडली.

बायको कुडीकडे बघत राहिली. दोन वर्षांपूर्वी ही कुडी हरवली तेव्हा तिचा संशय नणंदेवर गेला होता. तेव्हापासून नणंद आली नव्हती, आणि आलीच असती तर हिने दार उघडलं नसतं.

"दर महिन्याला बेसिन साफ करतो म्हणत होतात ना?" बायको हळू आवाजात म्हणाली.

त्या हळू आवाजाला तो जास्त घाबरायचा. फोन आणि कार्ड खिशात घालून तो जो बाहेर पडला तो थेट मोबाइलवाल्याच्या दुकानात. शहाणपण आलं होतं, म्हणून फ्लशचा उल्लेख टाळला.

"कशात पडला?" मोबाइलवाल्याने विचारलं.

"पाण्यात."

"कसल्या पाण्यात?"

"स्वच्छ."

"म्हणजे संडासात," असं म्हणून मोबाइलवाल्याने हातमोजे चढवले.

पाठ उघडून, भिंग लावून तो बराच वेळ आत बघत बसला. मग त्याने मान वर केली. तोंडाबिंडाने काही केलं का, असं त्याने विचारलं. प्लंबर नाही म्हणाला.

"मग आत बिस्किटाचा चुरा कसा?"

त्यानंतरचे तीन तास प्लंबर बाकावर बसून होता. मोबाइलवाल्याने फोनचे अवयव ब्रशने पुसले, दिव्याच्या उबेत मांडून ठेवले आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी क्रिकेटवर वाद घालत बसला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. दोन वाजले. तीन वाजले. सुतार वेळेचा पक्का माणूस. चार म्हणजे चार. आणि तो कोणाचं ऐकणारा नव्हता. प्लंबर आला नाही तर तो पेन्सिलीने खूण करून मोकळा झाला असता. टाइल्स फुटल्या असत्या, गरम पाण्याची लाइन फुटली असती, हेडबाई दारातून परत दवाखान्यात गेल्या असत्या, आणि त्याला कामाला बोलावणारं कोणी उरलं नसतं. मिशी उतरवायचीही सोय नव्हती.

तीन पन्नासला फोन उजळला. प्लंबरला रडू यायचं बाकी होतं.

"दोन टक्के चार्जिंग आहे आणि आता चार्जरला लावलात तर उडेल," मोबाइलवाला म्हणाला. "उगाच उघडू नका. लागेल तेव्हाच उघडा."

फोन तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरून तो पळाला. चार वाजून सात मिनिटांनी हेडबाईंच्या बाथरूमच्या दारात पोचला, तेव्हा ड्रिलचं टोक टाइलला टेकलेलं होतं आणि सुताराचं बोट बटणावर होतं.

"थांब," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

हेडबाई अर्धा तास आधीच आल्या होत्या. चाकाच्या खुर्चीत, दाराच्या बाजूला, गुडघ्यांवर शाल, डोळ्यांत तीच जुनी जरब. दम खात खात त्याने त्यांना नमस्कार केला, म्हणाला की बाई, आता काळजी नको, इंचाइंचाचा पुरावा आणलाय. आणि सगळ्यांच्या देखत त्याने फोटो उघडले.

एकूण अकरा फोटो होते. अकराही फोटोंत तो होता. हात लांब करून काढलेले, खांद्यावर पाना, तोंडभर हसू. त्याच्या डाव्या कानामागे पाइप शिरत होता आणि उजव्या खांद्यामागून बाहेर पडत होता. मधली तीनही वळणं त्याच्या डोक्यामागे होती. डोक्यात मात्र एकही नव्हतं.

सुताराने खाली बघत ड्रिल पुसलं.

हेडबाईंनी हात पुढे केला, फोन घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि निवांत बघितला.

"शाळेतही तू फळ्यासमोरच उभा राहायचास," त्या म्हणाल्या. "मागच्यांना काही दिसायचं नाही."

मग त्यांनी हुकूम सोडला. फोटोत त्याच्या दोन्ही बाजूंना, पाइपाच्या बऱ्याच खाली, मोकळ्या विटा दिसत होत्या. तेव्हा दांडा जास्त लांबीचा आणायचा आणि भोकं त्या विटांवर पाडायची. आणि कडा नेमक्या कळाव्यात म्हणून याने फोटोत उभा होता तस्साच भिंतीशी उभं राहायचं, सुताराने भोवती पेन्सिल फिरवायची.

प्लंबर पाना खांद्यावर घेऊन भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. फोटोतल्यासारखीच खिडकीची कड डाव्या कानाशी आली. सुतार एकदा फोनकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

"जमत नाही," सुतार म्हणाला. "फोटोत गाल रुंद आहेत."

"मग मी काय करू?"

"हसा. लवकर, एकच टक्का उरलाय."

तो हसला.

"आणखी," हेडबाई म्हणाल्या.