निरोपाचा जुना प्रोग्राम

"आमच्याकडे माणसाचा हात लागत नाही!"

व्यवस्थापक हे वाक्य इतक्या अभिमानाने म्हणायचे, की ऐकणाऱ्याला आपण बिस्किटांच्या कारखान्यात उभे आहोत असं वाटावं. प्रत्यक्षात ते विद्युतदाहिनीचे व्यवस्थापक होते.

एक बटण दाबायचं. निरोपाच्या हॉलमधले दिवे हळूहळू मंद होत. व्हायोलिन सुरू होई. दोन मिनिटांची शांतता. मग पडदा सरके, ट्रॉली मुंगीच्या पावलांनी भट्टीच्या दाराकडे निघे, आत जाऊन पेटी अलगद खाली उतरवी आणि रिकामी होऊन परत येई. दार लागलं की मागच्या बाजूला हिरवा दिवा लागे आणि भट्टीवाले काका भट्टी पेटवत. हे सगळं एक जुना प्रोग्राम करत असे. तो लिहिणारा इंजिनिअर पुढे याच हॉलमधून, स्वतःच्याच प्रोग्रामने, अत्यंत सुरळीत गेला. त्यामुळे शंका विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

एका सकाळी त्याच्यामागोमाग कॉम्प्युटरही गेला. थोडा धूर, थोडा वास, मग कायमची शांतता. जागेला शोभेल असं मरण! वरच्या कार्यालयाने नवा कॉम्प्युटर पाठवला. तो इतका सडपातळ, की व्यवस्थापकांना वाटलं, घाईत नुसतं झाकणच पाठवलंय. जुना प्रोग्राम त्यात घातला, तर स्क्रीनवर एकच वाक्य आलं: "हा प्रोग्राम या सिस्टीमवर चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? कुणाला विचारून?" व्यवस्थापक स्क्रीनवर खेकसले आणि त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

मेहुण्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. घरात त्याला झटपट म्हणत. तो झटपट जेवायचा, झटपट बोलायचा, काम झटपट उरकून झटपट पसार व्हायचा. ते काम बिघडायचं मात्र सावकाश. त्याचे वडील, म्हणजे व्यवस्थापकांचे सासरे, अगदी उलट. ते घड्याळजी. साऱ्या गावाची घड्याळं वेळेवर आणणारा हा माणूस स्वतः कुठे वेळेवर पोचल्याचं कुणाला आठवत नव्हतं. रोज दुकानाला निघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. काहीतरी विसरलेलं असायचं. बहुतेक वेळा डोळ्याला लावायचं भिंग. सासूबाई ते हातात धरूनच दारात उभ्या असत. "आता काय विसरलात?" हे त्यांचं वाक्य शेजारच्या पोरांनासुद्धा पाठ होतं. सध्या सासरे अंथरुणाला खिळले होते, आणि डॉक्टरांचे सगळे अंदाज चुकवून तिथूनही सावकाशच निघायच्या बेतात होते.

"सोपं आहे, भाऊजी!" झटपट खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला. "नव्या कॉम्प्युटरला सांगायचं, तू जुना असल्याचं सोंग घे."

"सोंग?"

"तशी सोयच असते त्यात. प्रोग्रामला वाटतं, आपण आपल्या जुन्या घरीच आहोत. मग तो बिचारा चालायला लागतो."

"म्हणजे फसवायचं."

"तुम्ही नाही का केसांना कलप लावत? तेच, फक्त उलटं!"

हॉल धुवायला काढला होता, म्हणून ट्रॉलीची मोटर बंद होती. चाचणी नुसती स्क्रीनवर झाली. झटपटने बटण दाबलं. आकडे मधमाश्यांसारखे उठले, आणि लगेच अक्षरं आली: "कार्यक्रम पूर्ण."

"झालं?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"झालं!"

"एवढ्यात? पूर्वी तोवर माझा चहा पिऊन व्हायचा."

"पूर्वी रांगत होता, भाऊजी. नव्या मशीनवर धावतोय!"

"पण मोटर लावल्यावर..."

"मोटर लावली की मोटरच्या चालीने चालेल. उघडला म्हणजे चालला!"

व्यवस्थापकांच्या मनात काहीतरी टोचलं. जगातला प्रत्येक प्रोग्राम वेगाने चालला की लोक खूश होतात. हा एकच असा होता, की सावकाश चालणं हेच त्याचं सगळं काम होतं. हा विचार त्यांच्या डोक्यात निम्म्यावर आला असेल नसेल, तोच फोन वाजला. बायको होती.

"अहो," ती एवढंच म्हणाली.

सासरे गेले होते.

घरी सासूबाई रडत नव्हत्या. भिंग हातात घेऊन बसल्या होत्या.

"जावईबापू, एवढं त्यांच्या खिशात ठेवू द्या."

"भट्टीत काच चालत नाही, आई."

"एवढीशी तर आहे."

"नियम आहे. काच फुटते, भट्टीचं अस्तर खराब होतं. मीच नियम मोडला तर लोकांना काय सांगू?"

"अहो, जाऊ द्या ना," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"मी व्यवस्थापक आहे," ते म्हणाले. त्या घरात त्या दिवशी पुष्कळ जण पुष्कळ निरर्थक बोलले, पण एवढं निरर्थक कुणी बोललं नाही.

सासूबाईंनी भिंगावर मूठ मिटली. "बरं. मग एक करा. जाताना त्यांना घाई करू नका. जन्मभर मीच त्यांच्या मागे लागले. चला, आटपा, उशीर होतोय. एकदा तरी त्यांना त्यांच्या चालीने जाऊ दे. मी हात धरून दारापर्यंत जाईन."

"दोन मिनिटांची शांतता आणि मुंगीच्या पावलाची ट्रॉली! माझा शब्द, आई. तिथे माणसाचा हात..." एवढ्यावर त्यांनी जीभ चावली.

हॉल भरला. आलेल्यांपैकी निम्म्यांची घड्याळं अजून सासऱ्यांकडे दुरुस्तीला पडलेली होती, त्यामुळे दुःख खरं होतं. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "ते वेळेचे अत्यंत पक्के होते." लोक चुळबुळले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे तर ती म्हैस रोज वेळेवर घरी यायची असंही सांगणं चाललं होतं. हॉलच्या दारापाशी पुढच्या निरोपाचं कुटुंब येऊन थांबलं होतं, त्यांनीसुद्धा माना डोलावल्या.

सासूबाई पेटीजवळ उभ्या राहिल्या. पेटी उघडी होती. त्यांनी हात पुढे केला. काचेच्या केबिनमधून व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे पाहिलं, धीर देणारी मान हलवली आणि बटण दाबलं.

दिवे मंद झाले नाहीत, गेलेच. व्हायोलिनने फक्त "चुंइ" केलं, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं. शांतता पाळायला लोकांनी माना खाली घातल्या, आणि त्या वर येण्याआधी शांतता संपली होती. पडदा फाडकन उघडला. आजवर मुंगी असलेली ट्रॉली दावं तोडलेल्या बैलासारखी सुटली! ज्या माणसाने उभ्या जन्मात एक बस पकडली नव्हती, तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक्स्प्रेससारखा निघून गेला. दार धाडकन आदळलं. दिवे लख्ख लागले.

सासूबाईंचा हात हवेतच होता.

"गेले?" त्या म्हणाल्या. "एवढ्यात?"

"झटपट!" बायको भावाला म्हणाली. नुसतं नावच ते, पण त्यापेक्षा शिवी बरी.

व्यवस्थापकांच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंना काय सांगायचं? शब्द दिला होता आणि तो त्यांच्या डोळ्यांसमोर दाराआड गेला होता, पेटीसकट.

तेवढ्यात दाराआड गडगडलं. दार उघडलं. ट्रॉली गेली होती तशीच भरधाव परत आली आणि आपल्या जागेवर कचकन थांबली.

पेटी तिच्यावरच होती! ती खाली उतरवायला ट्रॉलीला वेळच मिळाला नव्हता. सासरे जसे गेले तसे आले. फक्त केस जरासे विस्कटले होते.

दोघंतिघं मटकन खाली बसली. अध्यक्ष खुर्चीच्या मागे गेले. भिंतीपलीकडून भट्टीवाल्या काकांचा आवाज आला, "साहेब! हिरवा दिवा लागला न् विझला! पेटवू का नको?"

"नको!" सगळा हॉल एका सुरात ओरडला.

आणि त्यानंतर जी शांतता पसरली, ती कुठल्याही प्रोग्रामने पाळायला लावलेली नव्हती. त्या शांततेत सासूबाईंच्या तोंडून, जन्माच्या सवयीने, आपसूक निघालं:

"आता काय विसरलात?"

मग त्यांनी मूठ उघडली. "माहीतच होतं मला," त्या पुटपुटल्या.

त्यांनी आधी नवऱ्याचे केस नीट केले. मग भिंग त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवलं आणि वरून थोपटलं. व्यवस्थापक एव्हाना धावत येऊन पोचले होते. त्यांनी खिशाकडे पाहिलं. नियम जिभेवर आला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आई, खिशाचं बटण लावा," ते म्हणाले. "पडेल."

मोटर बंद केली. ट्रॉलीच्या एका बाजूला व्यवस्थापक लागले, दुसऱ्या बाजूला झटपट.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता.

"हळूच आहे, आई."

"अजून हळू."

झटपट ढकलत होता की अडवत होता, ते कळत नव्हतं. मधेच तो बाहीने नाक पुसायला थांबला, तेव्हा कुणीही त्याला आटप म्हणालं नाही. दोन मिनिटं कधीच उलटून गेली. व्हायोलिन नव्हतं, ट्रॉलीचं एक चाक तेवढं कुरकुरत होतं. दारापाशी सासूबाईंनी हात सोडला.

"या आता," त्या म्हणाल्या.

पेटी आत माणसांच्याच हातांनी उतरली. दार लागलं, आणि काकांनी भट्टी पेटवली.

लोक पांगले. सासूबाई पहिल्या रांगेत बसून राहिल्या. लेक त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली. व्यवस्थापक केबिनमध्ये परतले, तर स्क्रीनवर नव्या कॉम्प्युटरचा नम्र प्रश्न वाट बघत होता: "हा प्रोग्राम अपेक्षेप्रमाणे चालला का? होय. नाही."

"विचारतोय बघ कसा! लाज नाही," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी "नाही" दाबलं.

नव्या कॉम्प्युटरने ते मनावर घेतलं. "वेगळ्या पद्धतीने पुन्हा चालवत आहे," असं त्याने लिहिलं. आणि मोटर? ती झटपटने जाता जाता पुन्हा जोडून ठेवली होती. झटपट!

दिवे गेले. चुंइ! रिकामी ट्रॉली पुन्हा उधळली. भट्टी पेटलेली असताना दार उघडत नाही, एवढी अक्कल इंजिनिअरने सुदैवाने प्रोग्रामवर न सोपवता दाराच्याच कडीत ठेवली होती. ट्रॉली बंद दारावर ठक्क करून आपटली, जणू कुणी दार वाजवलं, आणि परत येऊन सासूबाईंपुढे उभी राहिली.

सासूबाईंनी त्या रिकाम्या ट्रॉलीकडे पाहिलं.

"आता काही राहिलं नाही हो," त्या म्हणाल्या. "आता जा."

व्यवस्थापकांनी कॉम्प्युटरचा प्लग उपटला आणि कपाळाचा घाम पुसत ते दाराकडे वळले. तिथे पुढच्या कुटुंबातली बाई उभी होती. डोळे सुजलेले होते. तिने सगळं पाहिलं होतं.

"माफ करा," व्यवस्थापक घाईघाईने म्हणाले. "तुमच्या वेळी असं मुळीच होणार नाही. आम्ही स्वतः हाताने..."

"तसं नाही," ती चाचरत म्हणाली. "आमचेही आज अचानकच गेले. काही बोलायचं राहून गेलं. त्यांना पण... असं एकदा परत आणता येईल का?"

"तो बिघाड होता, बाई," व्यवस्थापक ताठ होत म्हणाले.

"होता, का अजून आहे?"

व्यवस्थापकांनी हातातल्या प्लगकडे पाहिलं. "आहे," त्यांना कबूल करावं लागलं.

"मग तो दुरुस्त व्हायच्या आत," बाई म्हणाली, "आमचा नंबर लावा."