आठ बोटं उंच

"दोन इंच," बायको म्हणाली. तिनं सुतळीची गुंडाळी उलगडली आणि दोन गाठींवर दोन अंगठे ठेवले. "हा तुमचा दगड, आणि ही गाडीच्या पोटाखालची जागा. दीड बोट कमी पडतंय. दोन इंच उचला गाडी, विषय संपला."

त्यांच्या रोपवाटिकेत मोजायची टेप होती, पण ती कधीतरी मातीबरोबर कुठल्याशा कुंडीत भरली गेली आणि गिऱ्हाइकाच्या घरी नांदायला गेली. तेव्हापासून सगळी मापं बायकोच्या सुतळीवर होती. खड्ड्याची खोली, रोपाची उंची, फाटकाची रुंदी. प्रत्येकाची एक गाठ. कुठली गाठ कशाची हे फक्त तिला माहीत, आणि ती विचारल्याशिवाय सांगत नसे.

दगडाचं दुखणं जुनं होतं. टेकडीवर म्हाताऱ्या माणसांचा निवास होता. तिथं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या शेवटच्या वळणावर एक दगड जमिनीतून डोकं काढून बसला होता. दर खेपेला रोपवाल्याच्या पिकअपचं पोट त्याला घासायचं. आता निवासाच्या व्यवस्थापक बाईंनी ऐंशी झाडं मागवली होती. गुरुवारी चार वाजता विश्वस्त येणार. तोवर ऐंशीच्या ऐंशी झाडं बागेत उभी दिसली, तर वर्षभराची देखभाल रोपवाल्याकडे. नाहीतर पलीकडच्या रस्त्यावरचा रोपवाला टपून बसलेलाच होता.

म्हणजे गाडी उचलायची हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता, किती?

बायको म्हणत होती दोन इंच. पण रोपवाल्याच्या मनात साडू बसला होता. साडूची पिकअप उंच. मागच्या महिन्यात सिग्नलला दोघांच्या गाड्या शेजारी आल्या, तेव्हा साडूनं खिडकीतून वाकून, विहिरीत डोकावावं तसं खाली पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "काय रे, खाली सगळं ठीक ना?"

हे 'खाली' रोपवाल्याला दगडापेक्षा जास्त घासलं होतं.

गॅरेजमध्ये मेस्त्रीनं गाडी उचलायची तीन किट्स टेबलावर मांडली. "हे बघा दादा. दोन इंचाचं म्हणजे जाड तळव्याची चप्पल. घातली, चालू लागलं. चार इंचाचं म्हणजे टाचेचे बूट. स्प्रिंगा नव्या, शॉकअब्सॉर्बर नवे, जरा सवय करावी लागते."

"आणि हे?"

"सहा इंच." मेस्त्रीनं आवाज उतरवला. "ह्यात गाडी नुसती उंच होत नाही, तिचा स्वभाव बदलतो. स्प्रिंगा कडक. रिकामी असली की ताठ उभी राहते. वजन टाकलं की चार बोटं बसते."

"साडूची किती आहे?"

"कोणाचं नाव सांगत नाही मी." मेस्त्रीनं हात पुसले. "चार."

रोपवाल्याच्या तोंडावर चांदणं पसरलं.

"पण दादा, वर काही अडतंय का? शेड, गेट, काही?"

"माझी गाडी आभाळाखाली उभी असते, मेस्त्री. आभाळाला काही गेट आहे का?"

दोन दिवसांनी गाडी घरी आली ती एखाद्या नव्या जावयासारखी, मान ताठ आणि जमिनीशी संबंध तोडलेला. बायको बाहेर आली. तिनं गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग दार उघडून पाय वर टाकला. पाय पोचला नाही. तिनं दुसरा टाकून पाहिला. तोही पोचला नाही.

"अहो, हे दोन इंच?"

"मेस्त्री म्हणाला, घेतोच आहात तर..."

"मेस्त्री म्हणाला?"

"म्हणजे... म्हणाला नाही. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं."

बायको आत गेली. आतून स्टूल आणलं, त्यावर चढली, गाडीत बसली, उतरली, स्टूल परत नेऊन ठेवलं. मग सुतळी काढून तिनं नव्या उंचीची गाठ मारली. ती दुसऱ्या एका जुन्या गाठीशेजारी धरून पाहिली आणि किंचित हसली. त्या हसण्याकडे रोपवाल्यानं लक्ष दिलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तो त्या वेळी साडूच्या घरावरून गाडी नेण्याचा रस्ता शोधत होता.

गुरुवारी सकाळी चाळीस झाडं हौद्यात चढली. चाळीस दुसऱ्या खेपेची. हौद्यावर लोखंडी नळ्यांचा वेल्डिंग केलेला सांगाडा होता, उन्हाची जाळी बांधायला. त्याच्या आत झाडं अशी डुलत होती की लांबून वाटावं, एक बाग सहलीला निघाली आहे. रस्ता आला, वळणं आली, शेवटचं वळण आलं. रोपवाल्यानं श्वास धरला, दात आवळले...

काहीच नाही. घासणं नाही, खरखर नाही.

"वा रे माझ्या राजा!" त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली. "दगड कळलासुद्धा नाही!"

निवासाच्या दारावर मधुमालतीची कमान होती. दोन वर्षांपूर्वी ती त्यानंच उभारलेली, वेलही त्यानंच लावलेला. गाडी कमानीखालून जाताना वरून पानं सांगाड्यावर हात फिरवत गेली, लेकराच्या केसांवरून फिरवावा तसा. त्याला ते शुभ वाटलं.

कुंड्या उतरल्या. व्हरांड्यात अकरा म्हातारी माणसं ओळीनं बसून पाहत होती. सगळ्यांत टोकाला मोठ्या आजी. निवासात बाईंचं चालायचं ते मोठ्या आजी झोपलेल्या असताना.

"बाई, रस्त्यातला तुमचा दगड आज मी ओलांडला बरं का," रोपवाला छाती काढून म्हणाला. "सहा इंच उचलली गाडी."

"कुठला दगड? तो वळणावरचा?" बाई म्हणाल्या. "तो सोमवारीच काढला की. ह्यांना फिरताना ठेच लागायची. तो बघा, कमानीच्या आत लावून ठेवलाय, बसायला."

दगड कमानीशेजारी बसला होता. सपाट डोक्याचा, गुडघ्याइतका उंच, अतिशय निवांत.

रोपवाल्यानं मान फिरवली आणि रिकामी गाडी मुकाट्यानं दाराकडे घेतली. दुसरी खेप व्हायची होती, घड्याळात बारा वाजत होते. गाडी कमानीपाशी आली आणि टण्ण!

सांगाडा कमानीला धडकला होता. आत येताना खालून सरकलेली गाडी ओझं उतरताच चार बोटं वर उठली होती, ताठ, मेस्त्रीनं सांगितलं होतं तशी.

"कमान वाकवतो जरा," तो म्हणाला.

"हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "पहिला बहर आहे."

"मग चाकांतली हवा सोडतो."

"इथं टेकडीवर परत भरणार कोण?"

"तर मग ह्या कुंड्या परत गाडीत..."

"आणि चार वाजता विश्वस्तांना काय दाखवू? खड्डे?"

व्हरांड्यातून खुसखुस ऐकू आली. मोठ्या आजींनी गळा साफ केला आणि जुन्या ओवीच्या चालीवर, हात हलवत म्हणाल्या,

"उंच उंच गं गाडी, बोले आभाळाच्या संगं,
वेलीनं धरली शेंडी, उभी मुकाट्यानं मगं."

सगळा व्हरांडा हसला. रोपवाल्याचे कान जास्वंदीसारखे लाल झाले.

"अरे बाळा, तुला वजनच हवंय ना?" मोठ्या आजी उठल्या. "आम्ही काय कापसाचे आहोत? चला गं, चला हो, चपला घाला."

"आजी, पडाल!" बाई ओरडल्या.

"सहा महिने ह्या आवारात बसून बसून पडायलाच आलोय."

पण गाडी उंच. चढणार कसं? मोठ्या आजींनी काठीनं दगडाकडे बोट दाखवलं. रोपवाल्यानं गाडीची शेपूट दगडाला लावली. ज्या दगडावरून जायला त्यानं गाडी उचलली, त्याच दगडावर पाय देऊन अकरा जण एकेक करत वर चढले. एका आजोबांनी उशी मागितली, दुसऱ्यांनी दुर्बीण. गाडी हळूहळू बसली. एक बोट, दोन, तीन, चार. कमानीची पानं पुन्हा सांगाड्यावरून फिरली आणि गाडी बाहेर आली.

"आता उतरा," बाई म्हणाल्या.

"कशावरून?" मोठ्या आजींनी निरागसपणे विचारलं. "दगड तर आत राहिला."

मग हौद्यात असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की रोपवाल्याला कळून चुकलं, हे कमानीच्या आत असतानाच ठरलं होतं. पण वाद घालायला वेळ कुठं होता? बाई कपाळाला हात लावून त्याच्या शेजारी बसल्या आणि वरात रोपवाटिकेकडे निघाली. वाटेत सिग्नलला साडूची गाडी शेजारी आली. साडूनं वर पाहिलं, आणि वर पाहतच राहिला. अकरा पांढरी डोकी त्याच्याकडे वाकून बघत होती.

"काय हो," मोठ्या आजी म्हणाल्या, "खाली सगळं ठीक ना?"

त्यांना हे वाक्य कोणी शिकवलं नव्हतं. उंचावर बसलं की सुचतंच ते.

रोपवाटिकेच्या दारात बायको उभी होती. तिनं सगळं पाहिलं आणि एक मजबूत लाकडी खोकं गाडीला लावलं. सगळे सहज उतरले, पाणी प्यायले, आजोबांनी दुर्बिणीतून कुंड्या पाहिल्या.

"खोकं गाडीतच ठेवा," बायको नवऱ्याला म्हणाली. "झाडं उतरवून परत येताना ह्यांना कमानीबाहेर उतरवलं की झालं."

मोठ्या आजींनी तिला जवळ ओढलं. "पोरी, हुशार आहेस. पण जरा गप्प बसायला शीक."

चाळीस कुंड्या चढल्या, त्यांच्या फटींतून अकरा जण चढले. साडेतीनला सगळं वर पोचलं, चारला विश्वस्त आले आणि ऐंशी झाडं पाहून खूश झाले. जाताना गाडी बाहेर काढायला पुन्हा अकरा जण चढले, आणि कमानीबाहेर खोक्यावरून उतरले. मोठ्या आजी सगळ्यांत शेवटी, तोंड फुगवून.

त्या संध्याकाळी रोपवाल्यानं सुतळी हातात घेतली. "ती परवाची जुनी गाठ कसली होती गं?"

"कमानीची. तुम्हीच मोजायला लावली होती. आपली गाडी जावी म्हणून, वर चार बोटं ठेवून. आणि सहा इंच म्हणजे आठ बोटं."

"म्हणजे तुला माहीत होतं! आणि बोलली नाहीस?"

"सहा इंच घेताना मला विचारलंत?"

रोपवाल्यानं सुतळी परत गुंडाळली. सकाळी जाऊन गाडी दोन इंचांवर आणायची, असं त्यानं ठरवलं. पण सकाळी आधी बाईंची चिठ्ठी आली. वर्षभराची देखभाल तुमचीच, दर गुरुवारी यायचं. विश्वस्तांची काही अट नाही. मात्र खाली रहिवाशांची एक अट होती, अकरा सह्यांची, पहिली सही थरथरत्या पण ठाम अक्षरात: गाडी एक बोटही खाली आणायची नाही. आणि त्याखाली, बारीक: खोकं घरी विसरलात तरी चालेल.

रोपवाल्यानं कागद बायकोपुढे धरला. तिनं तो वाचला, सुतळी काढली आणि कमानीच्या गाठीला अगदी खेटून एक नवी गाठ मारली.

"ही कसली?"

"अकरा जण बसल्यावर गाडी किती उंच राहते, त्याची," ती म्हणाली. "विचारलंत म्हणून सांगितलं."