लोहपंखाची चार पानं

नवं पुस्तक नाकाशी नेऊन हुंगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण पान चिमटीत धरून, उजेडाकडे करून, "विरळ हाय" असा निकाल देणारा माणूस साऱ्या सोलापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

अंबादासकाका टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस होते. तीस वर्षं त्यांनी टॉवेलमधले दोष काढले. निवृत्त झाल्यावर टॉवेल सुटले, दोष काढायची सवय राहिली. ती घेऊन ते नव्या पेठेतल्या माझ्या पुस्तकांच्या दुकानात येऊ लागले. शर्टाच्या कॉलरीत अजूनही सुई-दोरा खोवलेला असतो. का, तर "उसवलेलं कुटं दिसंल, सांगता येत न्हाय की." चहा दिला तर आधी कपाचा कान हलवून बघतात, मग पितात.

गेल्या महिन्यात दुकानात 'लोहपंख'चा जाडजूड संग्रह आला. लोखंडी पंखांचा हा महावीर काकांच्या पिढीनं लहानपणी सुट्या चित्रकथांत वाचलेला. आता त्याच्या साऱ्या गोष्टी एकत्र, चकचकीत कागद, चारशे पानं, किंमत आठशे रुपये. काकांनी तो पाहिला आणि माझे ग्रह फिरले.

पहिल्या दिवशी त्यांनी तो शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. "दीड किलो. एवढ्यात चार टॉवेल येतात बाई, अन् ते अंग तरी पुसतात." दुसऱ्या दिवशी ओल्या बोटानं चित्राचा रंग घासून पाहिला. तिसऱ्या दिवशी लोहपंखाचा झगा एका चित्रात गडद निळा आणि पुढच्यात फिका निघाला. "आमच्याकडं असला माल सेकंडमधी, कमी भावात जायचा."

मग त्यांनी पानं मोजायला घेतली.

"छापलंय चारशे. भरतात तीनशे शहाण्णव."

"काका, चारशेच आहेत. मी मोजली."

"माल बघायचा, लेबल न्हाय."

आठवडाभर हेच. रोज अकराला यायचं, स्टुलावर बसायचं, पहिल्या पानापासून मोजायचं आणि तीनशे शहाण्णववर पुस्तक फटकन मिटायचं. उरलेली चार पानं त्यांच्या अंगठ्याखाली असायची! "ह्या पुस्तकात पानं कमी आहेत म्हणे" असं म्हणत दोन गिऱ्हाइकं तशीच परत गेली. देव तरी असली माणसं माझ्याच दारात का धाडतो, कोण जाणे.

परवा एका मास्तरांनी फोन करून उरलेली एकुलती प्रत मागितली. मी काकांना स्पष्ट सांगितलं, "घ्यायची तर आज घ्या. उद्या ती जाईल."

काकांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "पण चार पानं कमी असताना..."

माझं डोकंच फिरलं. मी पुस्तक त्यांच्या हातातून ओढलं आणि फाडकन शेवट उघडला. "हे बघा तीनशे सत्त्याण्णवावं! लोहपंखाचे पंख तुटलेत, तो खाली कोसळतोय, आणि शेवटी तो..."

"नगा! नगा सांगू!"

सत्तरीच्या त्या माणसानं दोन्ही कान घट्ट झाकले होते आणि डोळे मिटले होते. मी पुस्तक मिटलं. मला माझीच लाज वाटली.

काकांनी हळूच कानांवरचे हात काढले. "ही शेवटची गोष्ट आमच्या घरी होती, बाई. रद्दीतनं आनलेली. शेवटची चार पानं फाटलेली, म्हणून स्वस्तात मिळाली."

त्यांचा मोठा भाऊ मागावर बसायचा. घरात तेलुगू, म्हणून तो अन्ना. धाकटा अंबादास शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायचा आणि विचारायचा, पुढं काय झालं? अन्ना मागाच्या खडखडाटात ओरडून सांगायचा.

"रोज येगळं सांगायचा. एकदा लोहपंख सिद्धेश्वराच्या तळ्यात पडला. एकदा गिरणीच्या चिमणीवर अडकला. एकदा तर आमच्याच घरी आला, कडक भाकरी अन् शेंगाचटणी खाल्ली, अन् आईनं त्याचे पंख शिवून दिले."

"मग खरं काय झालं ते वाचा की आता."

"अन्ना दिवाळीत गेला," काका म्हणाले. "आता मी ते वाचलं, तर अन्ना खोटा ठरंल."

मी तो शेवट वाचला होता. महापौर लोहपंखाला हार घालतात आणि दीड पान भाषण करतात. मी मिटलेलं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

काकांनी कॉलरीतली सुई काढली आणि पुस्तकाची शेवटची चार पानं कडेनं एकत्र शिवायला घेतली. दुकानातल्या पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी मी गिऱ्हाइकावर खेकसते. त्या दिवशी मी ती पानं त्यांच्यासाठी सरळ धरून बसले. टाके अगदी एकसारखे पडले.

"आता मोजा," दोरा तोडत ते म्हणाले. "तीनशे शहाण्णवच भरतात का न्हाय? चार पानांचं कापा."

दोन रुपये पान. त्यांनी दिलेल्या आठशेतून मी आठ रुपये कापले. काकांनी परत मिळालेली नाणी उजेडाकडे धरून पाहिली, खिशात टाकली आणि पुस्तक छातीशी धरलं. पण दारापाशी घुटमळले.

"आता माल तर घेऊन झाला," ते म्हणाले. "उद्या यायला काय निमित्त उरलं न्हाय."

"अकराला या," मी म्हटलं. "लोहपंख चिमणीवरून खाली कसा उतरला, ते सांगायचं राहिलंय."